डर्ट बाइकला रेसिंग क्लच लिव्हर बसवणे आणि त्याची चाल जुळवणे

डर्ट बाइकवर क्लचचे काम गिअर बदलण्यापुरते नसते. वळणातून बाहेर पडताना, चिखलात मागचे चाक जागीच फिरू लागल्यावर, उडीच्या चढणीवर इंजिनचे फेरे टिकवताना आणि शर्यतीच्या गेटवर उभे असताना चालक क्लच अर्धवट दाबून आणि सोडून मागच्या चाकाकडे जाणारी ताकद मोजून देत असतो. हे सारे तो एका किंवा फार तर दोन बोटांनी करतो, कारण उरलेल्या बोटांनी हँडल घट्ट धरलेले असते. चार बोटांचा हिशेब धरून बनवलेला मूळचा लांब लिव्हर अशा वेळी त्या उरलेल्या बोटांवर आदळतो आणि पूर्ण दाबला जात नाही. शिवाय गाडी डाव्या अंगावर पडली की पुष्कळदा सर्वांत आधी तोच मोडतो. रेसिंग क्लच लिव्हर या दोन अडचणींसाठी असतो.

त्याने क्लच मात्र सुधारत नाही, हे नवख्यांनी आधीच लक्षात घ्यावे. इंजिनची ताकद पुढे नेणाऱ्या आतल्या प्लेटा त्याच, त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा त्याच, तेलही तेच राहते. बोट लिव्हरपर्यंत कसे पोहोचते आणि बोटाची हालचाल केबलपर्यंत कशी जाते, एवढेच बदलते. म्हणून महागडा लिव्हर आणून तो जुन्याच जागी, जुन्याच कोनात आणि अंदाजाने ताणलेल्या केबलवर बसवला, तर नीट जुळवलेला मूळचा लिव्हर त्यापेक्षा बरा ठरतो. बसवण्याचे काम तासाभराचे आहे. खरा वेळ जुळवण्यात जातो आणि तो तिथेच द्यावा.

हा लेख केबलवर चालणाऱ्या क्लचसाठी आहे. आपल्याकडे अनेक जण ज्या गाडीवर मातीतले पहिले धडे गिरवतात ती हीरो एक्सपल्स २०० आणि मोटोक्रॉसमधली, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींमधली, यामाहा वायझेड२५०एफ या दोन्ही गाड्या डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. केटीएमच्या मोटोक्रॉस गाड्या, २०१९ पासूनची कावासाकी केएक्स४५० आणि २०२१ पासूनची होंडा सीआरएफ४५०आर यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा, आहे. तिथे बहुतेक वेळा फक्त लिव्हरचे पाते बदलायचे असते आणि केबलची ढिलाई हा प्रश्नच येत नाही. लिव्हरची जागा, कोन आणि पोहोच यांविषयी पुढे जे सांगितले आहे, ते मात्र त्या गाड्यांनाही लागू पडते.

काय विकत घ्यावे

बाजारात ‘रेसिंग लिव्हर’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे मूळच्या यॉकमध्ये बसणारे नुसते पाते, जे आखूड असते किंवा घडी होणारे असते. दुसरी म्हणजे पाते आणि यॉक यांचा पूर्ण संच. हँडलला आवळला जाणारा आणि लिव्हरला धरून ठेवणारा भाग म्हणजे यॉक, आणि सुट्या भागांच्या दुकानात तो याच नावाने मागावा. तिसरी वस्तू म्हणजे असाच संच, पण केबलच्या तोंडाशी मोठ्या दातेरी चाकाचा अ‍ॅडजस्टर असलेला. हे चाक हातमोजा घातलेल्या बोटांनी, गाडी चालू असतानाही फिरवता येते. शर्यतीचा विचार असेल तर तिसरी वस्तू घ्यावी. केवळ सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर हिंडायचे असेल, तर घडी होणारे पाते पुरेसे आहे आणि वाचलेल्या पैशांत एक सुटी क्लच केबल घेऊन ठेवावी, असे मी सुचवेन.

घडी होणाऱ्या लिव्हरला मध्ये सांधा आणि स्प्रिंग असते. पडल्यावर टोक बाहेरच्या दिशेला मुडपते आणि पुन्हा जागेवर येते. साध्या ओतीव लिव्हरला काही वेळा टोकाजवळ मुद्दाम खाच ठेवलेली असते. मोडायचाच झाला तर तो तिथे मोडावा आणि एका-दोन बोटांपुरता तुकडा शिल्लक राहावा, हा तिचा हेतू असतो. घडीचा लिव्हर घेताना सांधा बोटांनी वरखाली हलवून पाहावा. नव्या मालातच तो डुगडुगत असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या धुळीनंतर टोक सैल खुळखुळू लागेल आणि क्लच नेमका कुठे पकडतो हे बोटाला कळेनासे होईल.

खरेदीच्या वेळी एक माप पाहावे, जे दुकानदार सहसा सांगत नाही. लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून केबलचे निपल (तारेच्या टोकाचा धातूचा जाड तुकडा) ज्या भोकात बसते त्याच्या मध्यापर्यंतचे हे अंतर आहे. ते वाढले की लिव्हरच्या तेवढ्याच चालीत केबल जास्त खेचली जाते. परिणामी लिव्हर जड लागतो आणि क्लच थोड्याच अंतरात झटकन सुटतो. ते कमी झाले की लिव्हर हलका होतो आणि अर्धवट क्लचवर बारीक नियंत्रण मिळते, पण अंतर फारच कमी असेल तर लिव्हर हँडलला टेकला तरी प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, गाडी गिअरमध्ये पुढे सरकू पाहते आणि न्यूट्रल सापडत नाही. एक-दोन मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असे लिहिलेला स्वस्त लिव्हर घेण्याआधी हे अंतर मूळच्या लिव्हरशी पट्टीने ताडून पाहावे. लिव्हर विलक्षण हलका लागतो अशी जाहिरात असेल, तर हा हलकेपणा कशाच्या बदल्यात मिळाला आहे हेही या मापावरून समजते.

हँडलचे माप तपासणे सोपे आहे. आजचे जाड हँडल मधोमध २८.६ मिमी व्यासाचे असले, तरी जिथे यॉक आणि ग्रिप येतात तिथे ते २२.२ मिमीच असते, त्यामुळे त्याच मापाचा यॉक लागतो. लिव्हरच्या टोकाला गोळा असलाच पाहिजे. एफआयएम या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार त्याचा व्यास किमान १६ मिमी असावा लागतो आणि तो चपटा केलेला असेल तर जाडी किमान १४ मिमी लागते. टोक कापून घरीच आखूड केलेला लिव्हर याच कारणाने तपासणीत बाद होतो. तो बाद व्हावा हेच योग्य, कारण कापलेले टोक पडताना मांडीत घुसू शकते.

जुन्या यॉकवर आणखी काय बसवलेले आहे, तेही पाहून घ्यावे. रस्त्यावरही चालणाऱ्या अनेक गाड्यांत क्लचचा स्विच आणि डावा आरसा यॉकलाच जोडलेले असतात. कार्ब्युरेटरच्या काळातल्या काही फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांत हॉट स्टार्टचा, म्हणजे गरम इंजिन पुन्हा सुरू करताना वापरायचा, छोटा लिव्हर तिथेच असतो. नव्या यॉकवर यांना जागा नसेल, तर स्विचच्या तारांचे काय करायचे आणि आरसा कुठे लावायचा हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवावे.

तयारी आणि केबलची तपासणी

साहित्य फार लागत नाही. ८ आणि १० नंबरचे पाने, चेकनटच्या (अ‍ॅडजस्टर जागी आवळून धरणाऱ्या नटच्या) मापाचे दोन पाने, अ‍ॅलन-की, पक्कड, पोलादी पट्टी, पाण्याने न धुपणारे ग्रीस, केबलमध्ये सोडायचे पातळ तेल, प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आणि स्वच्छ फडके एवढे पुरते. छोट्या मापाचा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. इंजिन थंड असावे, गाडी स्टँडवर सरळ उभी असावी आणि हँडलभोवतीची माती आधीच धुऊन वाळवलेली असावी, कारण यॉकखाली गेलेला वाळूचा एक कणही बोल्ट आवळताना हँडलला ओरखडा पाडतो.

नव्या लिव्हरवर जुनी केबल चालवायची असेल, तर ती डोळ्यांखालून घालावी. निपलच्या अगदी लगत, जिथे तार रोज वाकते तिथे, एखादा बारीक धागा तुटून वर आलेला दिसला तर केबल बदलावी. एक धागा तुटला की उरलेल्यांवर ताण वाढतो आणि ती पुढे भलत्याच वेळी तुटते. केबल सरळ टांगून आतली तार दोन्ही टोकांनी ओढून पाहावी. ती कुठे खरखरत असेल तर वरच्या टोकाने तेल सोडून खालून स्वच्छ तेल येईपर्यंत थांबावे. आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नये, कारण ते धूळ धरून ठेवते आणि तार जड होते.

जुना लिव्हर काढणे

केबलमध्ये भरपूर ढील आल्याशिवाय निपल सुटत नाही, आणि नवखे नेमके इथेच पक्कड घेऊन जोर लावतात. ढील खालून वर या क्रमाने आणावी. इंजिनजवळच्या किंवा काही गाड्यांत केबलच्या मध्यावर असलेल्या अ‍ॅडजस्टरचा चेकनट सैल करून तो पूर्ण आत फिरवावा, आणि त्यानंतर लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टरही पूर्ण आत घ्यावा. आता अ‍ॅडजस्टर, त्याचा चेकनट आणि यॉक या तिन्हींवरच्या उभ्या खाचा एका रेषेत आणाव्यात. लिव्हर एका हाताने दाबून धरावा, दुसऱ्या हाताने केबलचे बाहेरचे कवच अ‍ॅडजस्टरमधून मागे ओढावे आणि लिव्हर हळू सोडताना तार खाचेतून बाजूला सरकवावी. निपल लिव्हरच्या खालच्या बाजूने अलगद निघते. निघत नसेल तर लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर आणि केबल एकत्र बाहेर घ्यावे आणि मग वेगळे करावे.

स्विच असेल तर त्याची जोडणी काढावी. यॉक दोन तुकड्यांचा आणि दोन बोल्टांचा असेल तर तो ग्रिपला हात न लावता निघतो. एकाच तुकड्याचा, चीर असलेला यॉक असेल तर ग्रिप आणि स्विचचा डबा आधी काढावा लागतो. ग्रिप सुरीने कापण्याची गरज नाही. ग्रिपच्या कडेखाली पातळ काडी घालून तिथून ब्रेक क्लीनर किंवा हवेचा फवारा मारला की ती सुटते.

यॉक आणि लिव्हर बसवणे

यॉक जिथे बसणार तिथे हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्यावेत. ही छोटी गोष्ट मोटोक्रॉसच्या पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी गाड्या तयार करण्याच्या जागेत) सर्रास केली जाते आणि तिच्यामागचे कारण चोख आहे. गाडी पडल्यावर लिव्हरला बसणारा धक्का यॉकने हँडलभोवती फिरून पचवावा आणि लिव्हर किंवा यॉक मोडू नये, यासाठी टेप त्याला सरकण्याची वाट करून देते. याच कारणाने यॉकचे बोल्ट जिवाच्या आकांताने आवळायचे नसतात. हे बोल्ट सहसा ६ मिमीचे असतात आणि त्यांचा टॉर्क बहुतेक गाड्यांत ५ ते १० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. लिव्हर जोरात दाबला तरी यॉक हलू नये, पण तळहाताने लिव्हरवर ठोसा दिला तर तो किंचित फिरावा, एवढी पकड योग्य समजावी.

दोन तुकड्यांच्या यॉकच्या झाकणावर बाण, ठिपका किंवा तत्सम खूण असेल तर ती वर ठेवावी. असे खूण असलेले झाकण बसवताना आधी वरचा बोल्ट पूर्ण आणि मग खालचा आवळायचा असतो, त्यामुळे फट खालच्या बाजूला राहते. खूण नसेल तर दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळून वरची आणि खालची फट सारखी ठेवावी. सध्या मात्र बोल्ट हाताने फिरतील इतकेच लावावेत, कारण यॉकची अंतिम जागा अजून ठरायची आहे.

लिव्हरच्या भोकातले बुश पुसून त्याला ग्रीसचा पातळ थर द्यावा, निपलच्या भोकालाही बोटभर ग्रीस लावावे आणि लिव्हर यॉकमध्ये सरकवावा. त्याचा बोल्ट टेकेपर्यंतच आवळायचा असतो. त्याला थांबवून ठेवणे हे खालच्या नटचे काम आहे. बोल्ट जास्त आवळला तर यॉकचे दोन कान लिव्हरला चिमटीत धरतात आणि लिव्हर सोडल्यावर तो आपण होऊन परत येत नाही. नट लावून झाल्यावर, केबल जोडण्याआधी, लिव्हर एका बोटाने हलवून पाहावा. तो स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे आणि वरखाली डुलता कामा नये.

केबल जोडताना काढण्याचा क्रम उलटा करावा. निपल लिव्हरमध्ये, तार खाचांमधून, कवचाचे टोक अ‍ॅडजस्टरमध्ये पूर्ण आत. त्यानंतर अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा फिरवून खाचा एकमेकींपासून हलवाव्यात, नाहीतर पहिल्याच उडीत तार बाहेर येऊ शकते. धुळीपासून वाचवणारे रबरी टोपण विसरू नये. केबलचा मार्ग शक्यतो मूळचाच ठेवावा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठे ताणली जात नाही, नंबरप्लेटच्या मागे किंवा फोर्कच्या क्लॅम्पमध्ये अडकत नाही, हे पाहावे.

जागा, कोन आणि पोहोच

या तीन गोष्टी केबल ताणण्याआधी ठरवाव्यात. नंतर त्या बदलल्या तर केबलचे काम पुन्हा करावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे यॉक हँडलवर किती आत असावा. ग्रिप नेहमीसारखी धरून तर्जनी लिव्हरवर ठेवावी. ती लिव्हरच्या टोकाजवळच्या वळणात बसली पाहिजे, कारण टोकाशी बोटाला सर्वांत कमी जोर लागतो. ती लिव्हरच्या मध्यावर येत असेल तर यॉक आत सरकवावा. बहुतेक गाड्यांत यॉक ग्रिपला चिकटून असतो आणि आखूड लिव्हरसाठी तो चांगला तीन-चार सेंटिमीटर आत न्यावा लागतो. आता लिव्हर पूर्ण दाबून पाहावा. त्याचे टोक मधल्या बोटाच्या आतल्या बाजूने निघून ग्रिपजवळ पोहोचले आणि इतर बोटांना लागले नाही, तर जागा बरोबर आहे. दोन बोटे वापरण्याची सवय असेल तर हाच हिशेब दोन बोटांनी करावा. हँडगार्ड लावलेला असेल तर लिव्हरचे टोक त्याच्या दांडीला कुठल्याही स्थितीत टेकता कामा नये.

कोन ठरवायला एक माणूस मदतीला घ्यावा. त्याने पुढचे चाक गुडघ्यांत धरून गाडी सरळ ठेवावी आणि आपण बूट, हातमोजे घालून फूटपेगवर उभे राहावे. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे बाहेर, छाती हँडलच्या वर. या अवस्थेत डोळे मिटून बोटे सरळ पुढे करावीत. मनगट न वाकवता बोटे जिथे जातील तिथे लिव्हर असावा. रस्त्यावरच्या गाडीत लिव्हर बसलेल्या माणसाच्या हिशेबाने लावलेला असल्याने मातीत उभे राहिल्यावर तो बहुधा वर वाटतो, तर उभ्याच्या हिशेबाने फार खाली केलेला लिव्हर बसून वळण घेताना बोटातून निसटतो. उभ्याने थोडा वर आणि बसून थोडा खाली वाटेल असा मधला कोन घ्यावा, आणि जंगलवाटांवर बहुतांश वेळ उभेच राहायचे असल्याने तिथे उभ्याच्या बाजूला झुकावे. संध्याकाळी मनगटाच्या वरचा स्नायू दगडासारखा होतो अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ चालकांचा लिव्हर नुसता चुकीच्या कोनात असतो.

पोहोच म्हणजे लिव्हर हँडलपासून किती लांब आहे ते. लिव्हरच्या बुडाशी असलेल्या छोट्या स्क्रूने ती बदलता येते. तर्जनीचे पहिले पेर लिव्हरवर सहज येईल इतका तो जवळ घ्यावा. लहान हातांच्या चालकांना हा स्क्रू मोठाच दिलासा देतो. मात्र लिव्हर जितका जवळ, तितकी त्याची एकूण चाल कमी, आणि फार जवळ आणलेल्या लिव्हरने क्लच पूर्ण सुटणार नाही.

जागा ठरली की यॉकचे बोल्ट आवळावेत.

मोकळी चाल जुळवणे

लिव्हर दाबायला सुरुवात केल्यापासून केबल ताणली जाईपर्यंत तो जेवढा सहज हलतो, ती मोकळी चाल किंवा फ्री प्ले. ती असलीच पाहिजे. ती शून्य झाली तर लिव्हर सोडलेला असतानाही केबल क्लचच्या आर्मला (इंजिनजवळच्या, केबल जोडलेल्या दांडीला) थोडी ओढून धरते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पडत नाही, प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. ती फार वाढली तर लिव्हरची बरीचशी चाल ढील खेचण्यातच वाया जाते आणि क्लच अर्धवट सुटतो. नवख्यांना घट्ट केबल आवडते, कारण लिव्हर हलवताच प्रतिसाद मिळतो, पण त्याची किंमत प्लेटांचा संच मोजतो.

बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे माप लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी असे दिलेले असते, आणि आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा तोच प्रमाण मानावा. इथे आखूड लिव्हरचा एक गोंधळ होतो. हा आकडा मूळच्या लांब लिव्हरच्या टोकासाठी असतो. समजा मूळचा लिव्हर बोल्टपासून टोकापर्यंत १६० मिमी होता आणि त्यावर १५ मिमी मोकळी चाल सांगितली होती, तर १२० मिमीच्या आखूड लिव्हरच्या टोकाशी तेवढ्याच ढिलाईला ११ मिमीच्या आसपास चाल दिसेल. तिथे १५ मिमी मोजून केबल लावली, तर प्रत्यक्षात ती हवी त्यापेक्षा सैल राहील. म्हणून बोल्टजवळ, लिव्हरचा खांदा आणि यॉक यांच्यामधली फट मोजणे अधिक भरवशाचे असते. ढील संपेपर्यंत लिव्हर हलकेच दाबला की ही फट साधारण २ ते ३ मिमी असावी. फीलर गेज नसेल तर २ आणि ३ मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग तिथे घालून पाहावा. दोनचा सहज जावा आणि तीनचा अडखळत जावा, एवढे पुरे.

आता क्रम. वरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्यावा आणि मग दोन-तीन फेरे बाहेर काढावा, म्हणजे पुढे घट्ट आणि सैल दोन्हीकडे करायला वाव राहतो. मुख्य ढिलाई खालच्या अ‍ॅडजस्टरने काढावी. तो बाहेर फिरवला की केबलचे कवच जणू लांब होते आणि मोकळी चाल कमी होते, आत फिरवला की वाढते. दर अर्ध्या फेऱ्यानंतर लिव्हर दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडावा, कारण कवचाची टोके आपापल्या जागी बसल्यावर माप बदलते. माप जवळपास जमले की खालचा चेकनट आवळावा. आवळताना अ‍ॅडजस्टर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर तो सोबत फिरतो. शेवटचा बारीक फरक वरच्या दातेरी चाकाने करावा.

सगळी दुरुस्ती वरच्याच चाकाने उरकण्याचा मोह टाळावा. ते चाक फार बाहेर आले की आत थोडेच आटे उरतात, आणि पडताना लागलेल्या धक्क्याने ते तिथेच वाकते किंवा मोडते.

शेवटी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून तीच फट पुन्हा मोजावी. एका बाजूला ती नाहीशी होत असेल, तर दोष केबलच्या मार्गात आहे आणि अ‍ॅडजस्टर फिरवून तो जाणार नाही.

चालवून पाहण्याआधीची तपासणी

मागचे चाक जमिनीवरून उचललेले ठेवून, इंजिन बंद असताना, दुसरा गिअर टाकावा आणि लिव्हर पूर्ण दाबून चाक हाताने फिरवावे. थंड तेलामुळे प्लेटा थोड्या चिकटतात, त्यामुळे थोडा विरोध जाणवेल, पण चाक फिरले पाहिजे. मग गाडी जमिनीवर घेऊन, इंजिन पाच मिनिटे गरम करून, समोर मोकळी जागा ठेवून पहिला गिअर टाकावा. लिव्हर दाबलेला असताना गाडी पुढे सरकत असेल तर मोकळी चाल जास्त आहे किंवा लिव्हर हँडलच्या फार जवळ आणलेला आहे. आता लिव्हर हळूहळू सोडून क्लच कुठे पकडतो ते पाहावे. लिव्हरच्या चालीच्या मधल्या तिसऱ्या भागात तो पकडत असेल तर नवख्या चालकासाठी ते चांगले. हँडलला अगदी लागून पकडत असेल तर एका बोटाने चालवताना अडचण येते, कारण ग्रिपवरची बोटे लिव्हरला तिथपर्यंत येऊ देत नाहीत.

घसरण तपासण्यासाठी मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, मध्यम वेगावरून थ्रॉटल पूर्ण उघडावे. इंजिनचे फेरे एकदम वाढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. लगेच थांबून आधी मोकळी चाल तपासावी. ती बरोबर असूनही घसरण राहिली तर दोष प्लेटा, स्प्रिंगा किंवा तेल यांत आहे आणि लिव्हरशी त्याचा संबंध नाही.

दातेरी चाकाचा खरा उपयोग

शर्यतीत किंवा खोल चिखलात क्लच सतत अर्धवट दाबला गेला की प्लेटा तापून किंचित फुगतात. प्लेटांचा गठ्ठा जाड झाल्याने त्याला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बाहेर सरकते, तिच्यात आणि तिला ढकलणाऱ्या दांड्यात अंतर वाढते आणि लिव्हर अचानक सैल वाटू लागतो. अशा वेळी चालक डाव्या हाताची दोन बोटे पुढे करून चाक एक-दोन खटके फिरवतो आणि चाल पुन्हा जागेवर आणतो. नवख्यांचा घोटाळा त्यानंतर होतो. शर्यत संपते, इंजिन थंड होते, प्लेटा पुन्हा मूळच्या जाडीवर येतात आणि घट्ट केलेल्या केबलमध्ये आता ढिलाईच उरत नाही. पुढच्या फेरीला तशीच गाडी काढली तर पहिल्याच मिनिटापासून क्लच घसरू लागतो. म्हणून किती खटके फिरवले ते लक्षात ठेवून थांबल्यावर तेवढेच मागे घ्यावेत, किंवा चाकावर आणि यॉकवर रंगाचा एकेक ठिपका देऊन ठेवावा.

झीज याच्या उलट दिशेने काम करते. प्लेटा झिजून गठ्ठा पातळ होत जातो तसतशी मोकळी चाल आपोआप कमी होते. महिनोन्‌महिने केबलला हात लावला नाही म्हणून ती तशीच असेल, असे धरून चालू नये. नवी केबल मात्र पहिल्या एक-दोन फेऱ्यांत आपल्या जागी बसताना थोडी सैल पडते, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी ती फट पुन्हा मोजावी.

पावसाळ्यात कोकणातल्या तांबड्या मातीतून किंवा घाटमाथ्यावरच्या चिकणमातीतून आल्यावर गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा यॉकवर आणि केबलच्या तोंडावर थेट मारू नये. पाणी कवचात शिरते आणि आतल्या आत तार गंजते. रबरी टोपण मागे सारून तोंडाशी तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. घडीच्या सांध्यातली माती ब्रशने काढून तिथे कोरड्या प्रकारचे वंगण लावावे, ग्रीस नको. लिव्हरचा बोल्ट आणि त्याचा नट दर चार-पाच फेऱ्यांनी पान्याने नुसते चाचपावेत, आणि काढलेला मूळचा लिव्हर, निपलच्या भोकाला ग्रीस लावून, गाडीच्या अवजारांच्या पिशवीत ठेवून द्यावा. तो नव्या यॉकमध्ये बसत नसेल तर पिशवीत नव्या लिव्हरच्या जोडीचे सुटे पाते आणि त्याचा बोल्ट असावा.